आणि राखीव…

आमच्या शहरात नळाला पाणी आलं की माणूस हाताला लागेल ते भरून ठेवतो. पिंपं, कळशा, कुकर, बाळाचा टब, पाहुण्यांसमोर काढायचा काचेचा जगसुद्धा. पुढच्या वेळी पाणी आलं की हे सगळं शिळं म्हणून ओतायचं आणि पुन्हा भरायचं. किस्स्यांचंही तसंच होतं, फक्त ते शिळे झाले तरी ओतवत नाहीत. कबड्डीच्या संघात काही वर्षं काढली की बसमध्ये, मैदानावर, लॉजच्या पायऱ्यांवर ते भरतच राहतात. सासूबाई कधी कधी विचारतात, "एवढं खेळलीस, काय गं आणलंस घरी?" तेव्हा दाखवायला माझ्याकडं गुडघ्यावरचे व्रण असतात आणि हे किस्से.

यातले बरेचसे मंजुळाचे आहेत. सांगायला बसताना मी हसवायचं ठरवूनच बसते. दर वेळी जमतंच असं नाही.

*

आमचा संघ एका कंपनीचा होता. जर्सीवर वाळूजच्या कारखान्याचं नाव, करारावर घेतलेल्या आम्ही पोरी, आणि व्यावसायिक गटात राज्यभर खेळायचं. मी एक नंबरची रेडर, म्हणजे चढाईवाली. समोरच्या सातजणींत एकटीनं घुसायचं, एका दमात 'कबड्डी कबड्डी' घुमवत कोणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत मध्यरेषा गाठायची.

बाळंतपणानंतर मी परत आले तेव्हा काझी सरांनी आधी माझ्याकडं, मग माझ्या दुखऱ्या गुडघ्याकडं आणि मग कडेवरच्या पोराकडं पाहिलं.

"वृषाली, एक राखीव रेडर तयार करना पडेगा. तूच कर."

काझी सर आमचे कोच. मूळचे खुलताबादचे. बोलायला मराठीत सुरुवात करायचे, रागावले की दखनीत शिरायचे आणि लाडात आले की दोन्ही एकदम.

मी "हो सर" म्हणाले. आपल्या जागेवर येणारी पोरगी आपणच घडवायची, हे काम फक्त सासूच्या वाट्याला येतं असा माझा समज होता!

*

ती राखीव रेडर सरांना सापडली देवगाव रंगारीला.

तिथं शाळेच्या मैदानावर मुलींचे सामने चालले होते. शेजारून मेंढरं चालली होती. त्यातला एक मेंढा बिथरला आणि थेट मैदानात घुसला. दोन्ही संघ पळाले. पंच पळाले. गुण लिहिणारे मास्तर टेबलावर चढले. मेंढरांमागची मुलगी तेवढी आत आली. "हुर्रर्र हुर्रर्र" करत ती मेंढ्याच्या डावीकडून गेली, उजवीकडून आली, त्याला दोनदा हूल दिली आणि मध्यरेषेपलीकडं काढून बाहेर नेलं. मध्ये कुठंही श्वास घेतला नाही.

सर आम्हाला सांगायचे, "एक दम में! और सामनेवाला भी तगडा था!"

तिचं नाव मंजुळा. बारावी झालेली, एकोणीस पूर्ण, आणि लग्न ठरलेलं. तिचे वडील, आबा, सरांना म्हणाले, "पोराच्या गावाला टँकरनं पाणी येतंय सर. वऱ्हाडाला पाजायचं काय? टँकर बंद झाला की लगीन. तवर न्या तुमच्याकडं. आमच्यात तेवढंच एक तोंड कमी."

सरांनी हात पुढं केला, आबांनी हातावर हात ठेवला, आणि आमच्या संघातला सगळ्यात विचित्र करार झाला. माझा करार वर्षाचा होता. शैलाचा दोन वर्षांचा.

मंजुळाचा, टँकर बंद होईपर्यंतचा!

*

शैला आमची कॅप्टन. डावा कोपरा सांभाळायची. तिनं पकडलेला पाय सुटायचा नाही आणि तिच्या तोंडाला बांध नव्हता.

त्या दिवसांत पेपर उघडला की पहिल्या पानावर धरण. जायकवाडी मृतसाठ्यात गेलं होतं. मृतसाठा म्हणजे धरणाच्या तळाशी उरलेलं, दारं उघडून न येणारं पाणी. सगळं संपलं की मगच त्याला हात लावायचा, तोही पंप लावून. शहरातलं शेंबडं पोरही हा शब्द बोलायचं.

मंजुळा पहिल्या दिवशी मैदानावर आली तेव्हा शैलानं विचारलं, "ही कोण?"

"राखीव आहे," मी म्हणाले.

"म्हंजी मृतसाठा!"

सगळ्या हसल्या. मंजुळाही हसली. मला वाटलं, लागलं असेल पोरीला. पण ती सरळ म्हणाली, "चांगलंच हाये की ताई. आत्ता समदे त्याच्यावरच तर जगायलेत."

पुढं मी सरांना विचारलं, "सर, हिला सामन्यात घेणार कधी?"

"जब कुछ नहीं बचेगा."

"म्हणजे?"

"तेरा गुडघा है ना अभी?"

"आहे."

"बस. मृतसाठा पहले नक्को निकालना, बेटा."

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं. तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "म्हणजे तू उपयुक्त साठा!"

लग्नानंतर त्यानं केलेलं माझं हे पहिलं कौतुक. मी ते अजून भरून ठेवलंय.

*

मंजुळात सगळं होतं. वेग होता, वाकायची सवय होती, दम तर एवढा की आम्ही दोघींनी एकदम सुरू केलं की मी लाल होऊन थांबायचे आणि ती आपली घुमवतच राहायची. अडचण एकच होती. ती फार सभ्य होती.

सरावात पहिल्याच चढाईत तिनं शैलाला लाथ मारली. चांगली, खणखणीत, मांडीवर. एक गुण! आता फक्त मागं वळायचं आणि पळायचं. ही तिथंच थांबली.

"लागलं का ओ ताई?"

दम तुटला. शैलानं तिला कवेत घेतलं आणि आडवं पाडलं. "लागलं ना! आता बस बाहेर!"

दुसऱ्या दिवशी उजव्या कोपऱ्यातल्या परवीनला धक्का बसला. "लागलं का ओ ताई?" गडी बाद! तिसऱ्या दिवशी मी तिला बजावून आत पाठवलं. ती दोघींना शिवून मध्यरेषेपर्यंत आली, रेषेच्या अलीकडं एक पाय उचलला, आणि तसाच अधांतरी ठेवून मागं वळून बघितलं.

"नाय ना लागलं?"

शैला कपाळाला हात लावून म्हणाली, "वृषाली, हिला आधी उद्धट कर. रेडर मग कर."

आता हे काम माझ्याकडं आलं! मी, जी दूधवाल्याला 'पाणी जास्त वाटतंय' हे सुद्धा 'माझंच चुकत असेल' असं जोडून सांगते! मी तिला चढाईचं सगळं शिकवलं. कोपऱ्यातलीचे खांदे बघायचे, आतली रेषा ओलांडून बोनसचा जादा गुण कधी घ्यायचा, मोकळ्या हातानं परत कधी यायचं. पण उद्धटपणा कसा शिकवायचा? तिला घडवतेय की आपली जागा राखतेय, हेही अधूनमधून मला कळेनासं व्हायचं. मग मी तिला आणखी जोरात शिकवायचे.

*

आमचं मैदान हर्सूलकडं होतं. दर हंगामात ते थोडं लहान व्हायचं. आज पत्र्याचं कुंपण इथं, पुढच्या हंगामात चार पावलं आत. पलीकडं इमारती चढत होत्या. एका इमारतीवर मोठा फलक होता, 'चोवीस तास पाणी', आणि त्याच्याच सावलीत बिचारा टँकर उभा असायचा, बांधकामासाठी.

कबड्डीच्या मातीला पाणी लागतं. शिंपडलं नाही तर धूळ घशात जाते आणि दम घुमत नाही. पण माणसांनाच मिळेना, तिथं मातीला कोण देणार? शेवटी सरांनी फर्मान काढलं, प्रत्येकीनं घरचं सांडपाणी आणायचं. भाजी धुतलेलं, कपडे खंगाळलेलं, काहीही. स्कूटीच्या पायापाशी कॅन ठेवून आम्ही पोरी सरावाला यायला लागलो. सगळ्यात जास्त पाणी माझ्याकडून यायचं, कारण माझ्याकडं बाळाचा टब होता.

बाळाचं नाव अद्वैत. नावाला जागणारा होता. माझ्यापासून वेगळा व्हायचाच नाही! त्याला घरी ठेवलं तर सासूबाईंचा फोन यायचा, "हा निळा पडेपर्यंत रडतोय." म्हणून तोही मैदानावर. माझ्या किटमध्ये गुडघ्याच्या पट्टीशेजारी थर्मामीटर असायचा. मी चढाईला निघाले आणि तो खोकला की मान आपोआप मागं वळायची. सर ओरडायचे, "आगे देख! दुश्मन आगे है!"

एकदा बाहेरगावचा संघ सरावासाठी आला. त्यांची कॅप्टन वाकून मातीला हात लावून कपाळी लावते, थांबते, हाताचा वास घेते.

"ताई, तुमच्या मातीला बेबी पावडरचा वास का येतोय?"

शैला म्हणाली, "नवीन मैदान हाये. अजून दात यायचेत!"

*

अद्वैतला सामन्यात सांभाळायचं कोणी? खेळणाऱ्या सातजणी आत. सर रेषेवर. दुसऱ्या राखीव पोरी पाणी, पट्ट्या, बर्फ बघायच्या. उरली मंजुळा. सामना सुरू झाला की मी पोरगं तिच्या मांडीवर ठेवायचे आणि आत जायचे.

तो रडायला लागला की ती त्याला छातीशी धरून मेंढरांना घालायची तीच साद हळू घालायची. "हुर्रर्र… हुर्रर्र…" आणि हा गप! अंगाई, खुळखुळा, फोनवरची गाणी, सगळं करून मी हरले होते. माझं पोर मेंढरांच्या हाकेनं झोपायचं. सासूबाईंना हे मी बरेच दिवस सांगितलं नाही.

एक सामना जिंकल्यावर संघाचा फोटो निघाला. आम्ही सगळ्या चषकाभोवती. कडेला मंजुळा, पूर्ण जर्सीत, गुडघ्याला पट्टी, केस घट्ट बांधलेले, आणि कडेवर अद्वैत. कंपनीच्या एका साहेबांनी फोटो बघून विचारलं, "ही बाळाला सांभाळायला ठेवलेली मुलगी का? हिला पण जर्सी दिली? छान, छान!"

मंजुळा म्हणाली, "व्हय साहेब. मापाची दिली."

*

आमच्या भागातल्या सामन्यांना माईकवर एक भाऊ असायचे. आवाज असा की टँकरवाल्यानंही गाडी थांबवून ऐकावं. सामन्याआधी ते संघ वाचायचे.

"एक नंबर वृषाली! दोन नंबर शैला! तीन नंबर परवीन! चार नंबर ज्योती! पाच नंबर संगीता! सहा नंबर कविता! सात नंबर अर्चना! आणि राखीव…"

इथं ते श्वास घ्यायचे. मंजुळा बाकावर सावरून बसायची.

"…हॅलो, हॅलो, गेटसमोर लाल बाइक कोणाची आहे, बाजूला घ्या!"

दर वेळी हेच. कधी बाइक, कधी हरवलेलं पोर, कधी मान्यवरांचं आगमन. एकदा तर भाऊंनी "आणि राखीव" म्हणून चहाच घेतला! त्या दोन वर्षांत राखीवच्या पुढं त्यांनी एकदाही नाव घेतलं नाही.

मंजुळा हातवारे करून हुबेहूब त्यांची नक्कल करायची. एका दमात सात नावं, मग "आणि राखीव…", मग डोळे मिटून चहाचा घोट. बसमध्ये आम्ही तिला पुन:पुन्हा करायला लावायचो. हसून हसून पोटात दुखायचं.

एकदा शैलानं विचारलं, "पुढं तुझं नाव का घेत नाहीस गं?"

"घेतील की ते," मंजुळा म्हणाली. "मी कशाला घेऊ?"

*

ती उद्धट झाली तो दिवस मला लख्ख आठवतो.

सराव संपला होता. ऊन असं की पत्र्याचं कुंपण तडतडत होतं. मंजुळा आत एकटीच चढाया करत होती, समोर कोणी नसताना. सर म्हणाले, "बस हो गया, बाहर आ."

ती घुमवतच राहिली.

"मंजुळा, बाहर आ!"

तिनं दम पुरा केला, मध्यरेषेला हात टेकला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाय येत."

 सरांना 'नाय' म्हणायची आमच्यातल्या कोणाची छाती नव्हती. मी अद्वैतला घट्ट धरलं.

सर तिच्याकडं बघत राहिले. मग आमच्याकडं वळले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "रेडर हो गयी रे!"

शैलानं शिट्टी मारली. परवीननं कॅनमधलं उरलंसुरलं पाणी मंजुळाच्या डोक्यावर ओतलं. त्या उन्हाळ्यात कोणाच्या डोक्यावर पाणी ओतणं म्हणजे केवढी इज्जत, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

*

उपांत्य सामना आमच्याच शहरात होता. शेवटची दोनतीन मिनिटं, आणि आम्ही दोन गुणांनी मागं. मी चढाईला गेले, बोनस घेतला, वळले आणि घोटा मुरगळला. कशीबशी रेषेवर येऊन पडले. एक गुण मिळाला, पण उठता येईना, पोरींनी उचलून बाकावर आणलं.

बाकावर अद्वैत दातांमुळं किंचाळत होता. मंजुळा त्याला छातीशी धरून डोलत होती. "हुर्रर्र… हुर्रर्र…"

सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "चल."

तिनं पोर माझ्या मांडीवर ठेवलं. त्यानं तिची वेणी मुठीत धरली होती. एकेक बोट सोडवावं लागलं. माईकवर भाऊ गरजले, "एक नंबरच्या जागी… राखीव!"

ती आत गेली. समोरच्यांची चढाई मोकळीच परत गेली, मग तिनं मध्यरेषेला हात लावला, कपाळाला लावला, आणि घुसली.

तशी चढाई मी तरी केलेली नाही. डाव्या कोपऱ्यातलीला हूल देऊन शिवली. मधलीच्या हातावर हात मारला. सगळ्या तिच्यावर धावल्या तशी ती वाकून त्यांच्या खालून निघाली आणि परतताना मागं न बघता तिसरीला पाय लावला. कोणालाही 'लागलं का' विचारलं नाही! रेषा ओलांडली. तीन गुण! मी एका पायावर उभी राहून ओरडत होते. अद्वैत घाबरून रडायचा थांबला.

आणि पंचांची शिट्टी.

"गुण नाहीत. दम चुकीचा. कबड्डी म्हटलं नाही."

"म्हटलं की!" शैला धावली. "एवढं घुमवलं, ऐकू नाय आलं?"

पंच वयस्कर होते, भले होते. ते संकोचून म्हणाले, "घुमवलं ना. मी जवळ होतो. काय घुमवलं ते मला म्हणून दाखवता येणार नाही. पण ते कबड्डी नव्हतं हो."

मंजुळा मैदानाच्या मध्यात उभी होती. तिच्या ओठांवर तिचाच हात होता.

नियमानं समोरच्यांना एक गुण मिळाला. आम्ही हरलो. ती साद तिच्या तोंडी मेंढरांमुळं आली की माझ्या पोरामुळं, हे मी अजून ठरवलेलं नाही. रोज वेगळं ठरतं.

परतताना बस बीड बायपासला आल्यावर शैलालाच राहवलं नाही.

"तीन मेंढरं वळवलीस मंजे. घरी एक बी नाय आलं."

सगळ्यात आधी मंजुळाच हसली. मग ती सीटवरून उठली, माझ्या पायाशी खाली बसली आणि सुजलेल्या घोट्यावर अलगद हात ठेवला.

"लागलं का ओ ताई?"

*

सर म्हणाले, पुढचा हंगाम मंजुळाचा. पहिल्या सामन्यापासून. माझा घोटा काही धड बसत नव्हता, आणि मला तेव्हा वाईट वाटलं की हायसं, ते विचारू नका. एक नंबरची जर्सी मी धुऊन, इस्त्री करून तिला दिली. तिनं ती घरी नेली नाही. म्हणाली, "भाऊ नाव घेतील त्याच दिवशी घालते."

मग धरण भरलं.

सगळं शहर वेडं झालं. रविवारी माणसं डबे बांधून धरणाची दारं बघायला गेली. रस्त्यावर गाड्यांची रांग, भुट्टे, फुगे, पाण्यासोबत फोटो. पेपरात साठ्याचा आकडा एवढ्या मोठ्या अक्षरात की अद्वैतनंही बोट ठेवलं. माझ्या सासूबाईंनी नळाला हळदीकुंकू वाहिलं. आनंद मलाही झाला होता. पिंपाच्या तळातून बाळासाठी पाणी खरवडलेली बाई मी, मला का होणार नाही? पण मैदानावर आम्ही एकमेकींशी पाण्याचा विषय काढत नव्हतो. माती पहिल्यांदाच मऊ, ओली, सुरेख झाली होती, आणि कोणी तसं म्हणत नव्हतं.

मंजुळा गुडघ्याला पट्टी बांधत होती तेव्हा फोन वाजला. हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं स्पीकरवर टाकला.

"मंजे," आबांचा आवाज आला. आनंदाचा होता. "टँकर बंद झालाय गं!"

आम्ही सगळ्या तिच्याकडं बघत होतो. शैला तिच्या समोर उकिडवी बसली आणि नुसते ओठ हलवत तिला शब्द देत होती, "नाय येत म्हण. नाय येत."

मंजुळानं पट्टीची गाठ मारली. मग ती सोडली.

"व्हय आबा."

*

काझी सर देवगावला गेले. एक हंगाम मागायला, एवढंच. आबांनी त्यांना खाटेवर बसवलं, बकरीच्या दुधाचा चहा दिला, अद्वैतची सुद्धा विचारपूस केली. मग म्हणाले, "सर, मी शब्द मोडला का? दोन साल ठिवली ना तुमच्यात? आता पोरावाल्यांना दिलेला मोडू का?"

आबा वाईट नव्हते. तीच तर पंचाईत होती.

सर परत आले तेव्हा आम्ही गेटवरच उभ्या होतो. ते स्कूटरवरून उतरले, हेल्मेट काढलं, बराच वेळ त्याच्या आत काही तरी शोधल्यासारखं बघत राहिले.

"क्या हुआ सर?" परवीननं विचारलं.

"सामनेवाला तगडा था," सर म्हणाले.

*

लग्नाला आम्ही सगळ्या एका जीपमध्ये कोंबून गेलो. नवऱ्याकडचं गाव नटलं होतं. मांडवाच्या तोंडाशी पाण्याची पिंपं काठोकाठ, आणि माणसं तांब्यानं पायावर पाणी घेत होती, सांडत होती, हसत होती. काझी सर पुरुषांच्या बाजूला शाल पांघरून बसले होते. नवरदेव सोमनाथ, बुटका, लाजाळू, चेहऱ्यानं भला. मला त्याच्यात खोट काढायची होती. सापडली नाही.

लग्न लागलं, जेवणं उरकली, आणि बायकांनी गलका केला. "नाव घ्या! नाव घेतल्याबिगर सोडायचं नाय!" डीजेवाल्यानं माईक आणून मंजुळाच्या हातात दिला.

मंजुळानं माईक हातात धरला आणि नुसती बघत राहिली. हिरवा चुडा, कपाळभर मळवट, खाली नजर.

"लाजली गं!" कोणी तरी ओरडलं. "घे की, यमक जुळवून घे!"

मंजुळानं मान वर केली. खांदे मागं गेले. छाती भरली. आम्ही ओळखलं. शैलानं माझा दंड धरला.

"एक नंबर मंजुळा! दोन नंबर शैला! तीन नंबर परवीन! चार नंबर ज्योती! पाच नंबर संगीता! सहा नंबर कविता! सात नंबर अर्चना!"

हुबेहूब भाऊंचा आवाज. मांडवाला काही कळेना. नवऱ्याकडच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पोरं पळायची थांबली. ती तशीच उभी, दम धरून.

"आणि राखीव…"

माईक खरखरला. ती नवरदेवाकडं वळली.

"…सोमनाथराव!"

सगळा मांडव हसला. सोमनाथ सगळ्यात जास्त हसला.

मग तिनं दम सोडला.